ठिपका मूर्तिजापूरला थांबला

'कुठली तू?' या प्रश्नाचं उत्तर पुणेकराला एका शब्दात देता येतं. मुंबईकराला तर शब्दही लागत नाही, नुसता चेहरा पुरतो. आम्हा वऱ्हाड्यांना मात्र नकाशा काढावा लागतो.

दोहातल्या मराठी गेट-टुगेदरमध्ये मी 'अमरावती' म्हटलं की निम्मे लोक विचारतात, 'अच्छा, ती आंध्रची नवी राजधानी?' मी म्हणते, नाही हो, आपली अमरावती, वऱ्हाडातली. मग उरलेले निम्मे खुलतात. 'वऱ्हाड निघालंय लंडनला!' आता काय सांगणार? त्या नाटकातलं वऱ्हाड लग्नाचं, आमचं वऱ्हाड जिल्ह्यांचं. ते एकट्याने बावन्न भूमिका करत गाजवणारे लक्ष्मण देशपांडे मराठवाड्याचे, आणि त्यातली बोलीही तिकडचीच. आमचा त्या लंडनशी काडीचा संबंध नाही. पण लोकांना एवढा आनंद झालेला असतो की मीही हसून घेते.

त्या प्रयोगाची गिनीज बुकात नोंद झाली होती. पण गिनीजमध्ये आमच्याही वऱ्हाडाचं नाव आहे बरं का! आणि तेही थेट दोहाला हरवून.

झालं असं, की कतारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने फेब्रुवारी २०१९ मध्ये अल खोर एक्स्प्रेस-वेवर सलग २५.२७५ किलोमीटर डांबरी रस्ता टाकून विश्वविक्रम केला. त्याला दहा दिवस लागले. मग ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत आमच्या अमरावती-अकोला हायवेवर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं. वेळ, १०५ तास ३३ मिनिटं. ७२० माणसं राबली, ३६ हजार टनांहून जास्त डांबरमिश्रित खडी पडली. दोहाचा रेकॉर्ड खल्लास!

मी तेव्हा दोहात येऊन वर्षही झालं नव्हतं. बाबांनी ती बातमी मला एका दिवसात सहा वेळा फॉरवर्ड केली. सातव्यांदा फोनच केला. 'पाह्यलं काय? तुमच्या शेखाले हरवलं आपण.' आणि लगेच, निवृत्त गणित शिक्षक असल्यामुळे, 'पण पंच्याहत्तर म्हणजे एका लेनचे हं. दोन लेनचा धरला तं साडेसदतीसच होते.' बाबांचं हे असं आहे. अभिमान पूर्ण, पण हिशेब चोख.

तर मी कोण? अमरावतीची, वय एकोणतीस, मासकॉमची डिग्री, दोन वर्षं पुण्यात नोकरी. २०२१ मध्ये लग्न करून नवऱ्याच्या नोकरीमागे दोहात. आता फ्रीलान्स लिहिते. म्हणजे पायजम्यात बसून डेडलाइन पाळते. नवरा अस्सल पुणेरी. दोघांत मिळून एक गाडी, एक हप्ता आणि पुस्तकांची दोन वेगळी कपाटं. तीस किलोच्या बॅगेजमध्ये लोणचं आणावं की कादंबऱ्या, यावर आमची दरवर्षी भांडणं होतात.

'बापरे, गल्फमध्ये ऊन किती असेल!' हा अजून एक कायमचा डायलॉग. आता अकोल्यात आत्या असलेल्या मुलीला उन्हाची भीती कोण घालणार? मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं होतं. जमावबंदी, कुणासाठी? उन्हासाठी! कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी असते. त्यामुळे मे महिन्यात आमचे फोन असे चालतात. 'तुमच्याकडे किती?' 'चव्वेचाळीस. तुमच्याकडे?' 'पंचेचाळीस.' आणि बाबा या एका डिग्रीने जिंकल्याच्या खुशीत फोन ठेवतात.

असो. सांगायची गोष्ट उन्हाची नाही, बाबांच्या गाडीची आहे.

आमच्याकडे २००८ ची मारुती ८०० आहे. एमएच २७, पांढरी, माझ्या शाळेच्या दप्तराचे ओरखडे अजून मागच्या दारावर. मारुतीने ही गाडी बनवणं २०१४ मध्येच बंद केलं, पण बाबांना ते कुणी सांगितलेलं नाही. २०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. आम्हा भावंडांना वाटलं, चला, सुटलो. बाबांनी शांतपणे आरटीओत जाऊन पाच हजार भरले, पासिंग करून घेतलं आणि आणखी पाच वर्षांची निश्चिंती केली. एप्रिल २०२२ च्या आधी याच कामाला सहाशे लागायचे, हे मात्र त्यांनी घरी येऊन चार वेळा सांगितलं.

या गाडीला एक काम ठरलेलं आहे. दर बुधवारी बाबा अमरावतीहून अकोल्याला जातात. आत्या तिथे एकटी राहते, वय चौऱ्याहत्तर. बाबा अडुसष्टचे. आईने दिलेला डबा, औषधं, कधी शेतातली तूर, कधी नुसत्या गप्पा. शंभरेक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. आईचे गुडघे धरतात, म्हणून ती जात नाही. एसटी आहे, रेल्वे आहे. पण 'डबा घेऊन बडनेरा स्टेशनवर कोण उभं राहीन?' हा बाबांचा सवाल. खरं कारण मला माहीत आहे. त्या गाडीत बसले की ते कुणाचे आजोबा नसतात, पेन्शनर नसतात. हातात स्टिअरिंग असलेला माणूस असतात.

मोठा भाऊ पुण्यात, मी दोहात. मग आमच्या पिढीला जे सुचतं तेच आम्हाला सुचलं. टेक्नॉलॉजी! मागच्या दिवाळीत भावाने बाबांच्या फोनवर लोकेशन शेअरिंग सुरू करून दिलं. आता दर बुधवारी माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक ठिपका अमरावतीहून निघतो. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला. इकडे मी एखाद्या नव्या कॅफेवर सहाशे शब्द पाडत असते आणि तिकडे बाबा काटेपूर्णा ओलांडत असतात. सही फंडा आहे ना? मलाही तसंच वाटलं होतं. अडीच तासांचा वेळेचा फरक, मध्ये आख्खा अरबी समुद्र, आणि तरी बाबा माझ्या नजरेसमोर.

मग जानेवारीतला तो बुधवार आला.

संध्याकाळचे सव्वाचार, म्हणजे अमरावतीत पावणेसात. थंडीचे दिवस, तिकडे अंधार पडलेला. ठिपका मूर्तिजापूरजवळ हायवेच्या कडेला थांबलेला. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, पंचवीस मिनिटं. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. आईला विचारलं तर ती म्हणाली, 'येतीन ना, काहून घाबरतं?' आईचा हा शांतपणा मला आजवर कळलेला नाही.

आणि मग बाबांचा मेसेज आला. ते टाइप करत नाहीत, बोलून लिहवतात. स्क्रीनवर अक्षरं होती, 'मूर्तिजापुरात थांबून राहिलो.'

नवऱ्याने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. 'अडकलेत गं. गाडी बंद पडली असणार. किती वेळ थांबून राहिलेत बिचारे!'

इथे एक छोटासा व्याकरणाचा तास घ्यावा लागेल, सॉरी. पुण्याच्या मराठीत 'थांबून राहिलो' म्हणजे ताटकळलो, अडकून पडलो. वऱ्हाडीत 'थांबून रायलो' म्हणजे फक्त, थांबतोय. आत्ता, या क्षणी, आपल्या मर्जीने. जेवून रायलो, येऊन रायलो, हसून रायलो. हिंदीतल्या 'रहा हूँ'सारखं साधं चालू वर्तमान. बाबा बोलले होते 'रायलो'. फोनने ते सभ्य करून 'राहिलो' लिहिलं. एक 'ह' घुसला आणि चहाला थांबलेला माणूस संकटात सापडलेला माणूस झाला.

मला हसू आलं. नवऱ्याला समजावलं. त्याला म्हटलं, तुला मी 'धग' वाचून दाखवली ती काय उगाच? उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६० ची, आणि त्यातली कौतिक आणि तिच्या अवतीभवतीची माणसं अशीच बोलतात. माझी प्रत अमरावतीहून पुण्याला आणि पुण्याहून दोहाला आलेली, कव्हर सुटं झालेलं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी तिच्यातले संवाद रोज रात्री मोठ्याने वाचायचे आणि हा पुणेकर मध्ये मध्ये 'काहून म्हणजे?' असं विचारायचा. पुस्तकातली वऱ्हाडी त्याला कळायला लागली होती. फोनने इस्त्री केलेली वऱ्हाडी मात्र त्याला पुन्हा परकी झाली.

ठिपका पन्नास मिनिटांनी हलला. बाबा घरी पोचले. फोन सायलेंटवर होता, गाडीत होता, चहा पिऊन रायलो होतो, काय घाबरतं एवढं? विषय संपला.

माझा मात्र संपला नाही. पन्नास मिनिटं चहा? जो माणूस चहा तीन घोटांत संपवून 'चला' म्हणतो, तो? ठिपक्याने मला सगळं अचूक सांगितलं होतं. कुठे, किती वाजता, किती वेळ. फक्त 'का' तेवढं सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत दहा दिवसांची सुट्टी घेऊन घरी गेले. दोहाहून थेट नागपूर, पुढे दीडशे किलोमीटर अमरावती. आणि पहिल्याच बुधवारी जाहीर केलं, मी पण येते अकोल्याला. आणि गाडी मी चालवते.

बाबांनी चावी दिली, पण असा चेहरा करून की जणू किडनी मागितली. खरं सांगायचं तर दोहातल्या उजव्या बाजूच्या ट्रॅफिकची सवय झाली की मारुती ८०० म्हणजे एक्झाम असते. इंडिकेटर द्यायला जावं तर हात वायपरकडे जातो. अमरावती ते बडनेरा कोरड्या काचेवर वायपर फिरवत गेले, आणि बाबा खिडकीबाहेर बघत एकच वाक्य बोलले, 'पाऊस लय आहे आज.'

रस्ता मात्र एक नंबर! माझ्या कॉलेजच्या दिवसांत याच मार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलेलं होतं. खड्डे, डायव्हर्जन, धूळ. पण त्या खड्ड्यांचा एक फायदा होता. सगळे हळू जायचे आणि सगळे थांबायचे. टपऱ्या ओळखीच्या होत्या. कुणाचा टायर कुठे पंक्चर झाला, कुणाच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं, सगळं त्या टपऱ्यांवर कळायचं.

बाबांची लाडकी 'शकुंतला' तर याहून स्लो. मूर्तिजापूर हे तिचं जंक्शन. एक फाटा अचलपूरकडे ७६ किलोमीटर, दुसरा यवतमाळकडे ११३ किलोमीटर. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने टाकलेली ही नॅरोगेज लाइन स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं त्या कंपनीच्याच मालकीची राहिली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं आणि अलीकडे गाडी बंदच झाली. बाबा कॉलेजात असताना तिने अचलपूरला जायचे. 'गाडीत कोण चढलं अन् कोण नाई, हे गार्डले पाठ होतं. एखादा रोजचा माणूस दिसला नाई, तं इचारायचा. बिमार आहे काय म्हणून.'

हे वाक्य ऐकलं आणि डोक्यात ट्यूबलाइट पेटली. शकुंतलेच्या गार्डकडे लोकेशन शेअरिंग नव्हतं. पण त्याला माणूस माहीत होता.

परतताना सात वाजता मूर्तिजापूरजवळ बाबांनी नेहमीच्या जागी थांबायला सांगितलं. पत्र्याची टपरी, दोन बाकडी, कढईत आलूबोंडे. टपरीवाले काका बाबांना 'सर' म्हणतात. त्यांचा पोरगा बाबांचा विद्यार्थी नाही, पण गणितात अडला की बुधवारची वाट पाहतो. बाबा त्याच्या वहीत डोकं घालून बसले. मी काकांना सहज विचारलं, 'काका, बाबा दर वेळेस एवढा वेळ बसतात का हो इथे?'

त्यांनी आधी बाबांकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, 'ताई, सरले आजकाल समोरच्या गाडीची लाइट सहन नाई होत. डोयावर येते म्हणतात. म्हणून बसून रायतात. अमरावतीकडं जाणारा ओयखीचा गाडीवाला आला, का त्याच्या मांगं मांगं निघतात. मीच सांगतो त्याले, हळू जाजो बाप्पा, मांगं सर आहेत.'

मी काही बोललेच नाही. हायवेवरून ट्रक जात होते, त्यांचे पांढरेफटक एलईडी लाइट टपरीच्या पत्र्यावर येऊन जात होते. चौपदरी रस्ता, विश्वविक्रमी डांबर, आणि माझा बाप कुणाच्या तरी मागच्या लाल दिव्याला धरून घरी येत होता. दर बुधवारी. आमच्यापैकी एकालाही न सांगता. कारण सांगितलं असतं तर आम्ही चावी काढून घेतली असती, हे गणित त्यांनी आधीच सोडवलेलं होतं.

आणि चावी काढून घेणं, हाच माझाही पहिला विचार होता, नाही कशाला म्हणू? भावाचंही तेच मत पडलं. 'ओला-उबर बघू, नाहीतर ड्रायव्हर ठेवू.' रात्री आई भाकरी थापताना एवढंच म्हणाली, 'बुधवार बंद झाला ना, तं दोन माणसं बसतीन. एक अकोल्याले, एक इथी.'

मग आम्ही वाटाघाटी केल्या. बाबांच्या भाषेत, समीकरण मांडलं. एक, डोळे तपासायचे. दोन, डॉक्टर हो म्हणेपर्यंत दिवेलागणीनंतर गाडी नाही. अकोल्याहून तीन वाजता निघायचं, उशीर झाला तर आत्याकडे मुक्काम. तीन, दिवसा गाडी बाबांचीच, त्यावर कुणी बोलायचं नाही. बाबांनी तिसरी अट दोनदा वाचून घेतली आणि मग पहिल्या दोन मान्य केल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू. समोरून येणारा प्रकाश फाकतो, डोळे दिपतात, रात्रीचं ड्रायव्हिंग अवघड होतं, ही त्याची नेहमीची लक्षणं. मार्चमध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याच दिवशी घरी. दुसऱ्याचं पुढे. ऑपरेशननंतर पहिला फोन मला. 'दोहाचा रेकॉर्ड आता साफ दिसून रायला.'

आणि मी काय केलं? परतण्याच्या आधीच्या बुधवारी पुन्हा सोबत गेले आणि त्या रस्त्यावरचे चार नंबर घेतले. टपरीवाले काका. बोरगाव मंजूजवळचा पंक्चरवाला, ज्याने एकदा बाबांकडून पैसेच घेतले नाहीत. बाबा नेहमी पेट्रोल भरतात त्या पंपावरचा दादा. आणि आत्याच्या शेजारच्या काकू. चौघांकडेही माझा नंबर आहे. चौघांनाही मी सांगितलं, काही वेगळं दिसलं तर एक मिस्ड कॉल द्या.

ठिपका मी बंद केलेला नाही. तोही हवा. पण आता मला त्याची लायकी कळली आहे. ठिपका सांगतो माणूस कुठे आहे. माणूस कसा आहे, हे सांगायला दुसरा माणूसच लागतो. आपण सगळे, पुण्यात, बंगलोरला, दोहात, आई-बाबांपासून लांब राहणारे, फोनच्या स्क्रीनवर त्यांची फार काळजी घेतो. बॅटरी किती, पावलं किती, कुठल्या चौकात. पण त्यांचा दूधवाला कोण, मेडिकलवाला कोण, मॉर्निंग वॉकला त्यांच्यासोबत कोण असतं, हे विचारलं तर आपण गप्प. त्यांना रोज प्रत्यक्ष बघणाऱ्या माणसांशी आपली ओळखच नसते.

मागच्या बुधवारी काकांचा मेसेज आला, तोही बोलून लिहवलेला. 'सर निघून राहिले. चहा फिका घेतला. आलूबोंडा नाही खाल्ला, वहिनीने नाही म्हटलं म्हणे.' आता बोला! असलं रिपोर्टिंग कुठलं अ‍ॅप करतं? नवऱ्यानेही वाचलं आणि पुणेरी शांतपणे म्हणाला, 'म्हणजे निघतायत.' पोरगा शिकला!

तुमच्याही आई-बाबांचा असा एखादा रस्ता असेलच. बँकेचा असेल, देवळाचा असेल, नाहीतर बहिणीच्या घराचा. पुढच्या सुट्टीत एकदा त्या रस्त्याने त्यांच्यासोबत जा. जिथे ते थांबतात तिथे थांबा, आणि एक नंबर घेऊन या. चहाचे पैसे मात्र आठवणीने द्या. आमचे काका घेत नाहीत, ही गोष्ट वेगळी.